शनिवारी शेपूट कोण धरतं

१

ज्याने कुणी मागे उभं राहून ‘धरलंय’ असं कळवलं, तो खोटं बोलला. तो कोण, हे आता मी विचारत नाही. सगळ्यांना विचारून झालंय. पण ज्या एका गोष्टीवर आमचे जीव टांगलेले होते तिच्याबद्दलच तो खोटं बोलला, हा माझा आरोप आहे, आणि कुणी ऐको न ऐको, तो मी करणार आहे.

१९९४ साली मी सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि दर रविवारी रहिमतपूरजवळच्या एका माळावर ग्लायडर उडवायला शिकत होते. “इंजिनच नाही, मग ते वर राहतं कुणाच्या भरवशावर?” असं आई विचारायची. मी तोऱ्यात म्हणायचे, “हवेच्या.” आज विचारलं तर मी ‘सांध्यांच्या’ म्हणेन.

आमच्याकडे दोन जणांचं एकच ग्लायडर होतं. ते ठेवायची शेड आमच्या शिक्षकाच्या, राजवर्धनच्या घरच्यांनी उसाच्या ट्रॉल्यांसाठी बांधलेली. ग्लायडरचे पंख तिच्यात मावत नसत. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी पंख आणि शेपूट काढून भिंतीला टेकवायचे आणि पुढच्या खेपेला सकाळी पुन्हा जोडायचे. ही दर वेळची मोडतोड-जोडजाड कुणालाच जोखमीची वाटत नव्हती. माणूस रोज शर्टाची बटणं लावतो, तसं.

सगळ्यात अवघड सांधा शेपटातला. शेपटावर एक आडवी फळी असते. ती वर-खाली झाली की ग्लायडरचं नाक वर-खाली होतं. वैमानिकाच्या हातातल्या स्टिकपासून निघालेला एक लांब रॉड पोकळ अंगातून मागे जातो आणि त्या फळीला जोडला जातो. जोडायचा कसा, तर तळहाताएवढं झाकण उघडून, मनगटापर्यंत हात आत घालून, न बघता. रॉडच्या टोकाची वाटी फळीच्या दांड्यावरल्या गोळीवर बसवायची. ‘टक’ असा खटका वाजतो. वाटी नीट बसली नाही, तर वैमानिक स्टिक ओढत राहतो, रॉड हलत राहतो, आणि फळीला त्याचा पत्ताच नसतो. जमीन सुटल्यावर हे कळून काहीही उपयोग नाही.

म्हणून उडायच्या आधी एक तपासणी असते. एकाने आत बसून स्टिक हलवायची, दुसऱ्याने मागे उभं राहून फळी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. स्टिक अडली तर सांधा जोडलेला. मोकळी हलली तर सुटलेला. आत बसलेल्याला मागचं काही दिसत नाही. आणि आमच्या माळावर वारा असा, की ओरडलेलं दहा पावलांवर पोचत नाही. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. मागच्याने फळीला दोन हिसके द्यायचे. ते रॉडमधून येऊन पुढच्याच्या तळहातात उमटत. दोन हिसके म्हणजे धरलंय, ठीक आहे. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही, काही बोलायचं नाही.

ही रीत कुणी पाडली, ते कुणालाच आठवत नव्हतं.

२

नोव्हेंबरातली सकाळ. मी पुढच्या सीटवर पट्टे आवळून बसले होते. मागे शेपटाशी कृष्णातमामा असणार, हे मी धरूनच चालले होते.

कृष्णातमामा मेढ्याकडचे. एअरफोर्सच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांची पकड मला पाठ होती. शिकंज्यात धरल्यासारखी पकड आणि पाठोपाठ दोन तुटक हिसके.

मी स्टिक पुढे ढकलली. ती अडली. पण त्या दिवशी ती निराळीच अडली. झोपलेल्या माणसाचं मनगट कुणी हलकेच धरावं, तशी. मी जोर केला तर थोडी सरकली, आणि परत आपल्या जागी आली. मग दोन हिसके, सावकाश. दोन्हींच्या मधे कुणीतरी विचार करावा एवढं अंतर.

“मामा, आज हात गळाले का काय?” मी जोरात म्हणाले.

माझ्या समोर, ग्लायडरच्या नाकाखालून, मामा वर उठले. हातात फडकं. ते काच पुसत होते.

“मला म्हनला का ताई?”

स्टिक अजून अडलेलीच होती. मग ती सुटली. पट्टकन नाही. एकेक बोट काढून घ्यावं तशी.

“मागे कोण आहे?”

“मागं?” मामांनी मान लांब करून पाहिलं. “कोन न्हाई.”

मी पट्टे सोडून मागे गेले. माळ रिकामा. लांबवर एक बाई बाभळीखाली शेळ्या वळत होती. मी झाकण उघडून आत हात घातला. वाटी गोळीवर बसलेली, अगदी पक्की. ग्लायडर तासभर बाहेर धुक्यात उभं होतं, त्यामुळे फळीवर टोकापासून टोकापर्यंत दव साचलं होतं, बारीक, सारखं. ती धरायची तर दोन्ही हातांनी वरून-खालून आवळावी लागते. दवावर कुठेही बोट उमटलेलं नव्हतं.

३

मी फिजिक्स शिकवते. मी सांगलीला परत जाताना पॅसेंजरमध्ये चार कारणं शोधली. बिजागरीत गारठ्याने घट्ट झालेलं ग्रीस. पोकळ अंगात रॉडला टेकलेली एखादी वायर. वाऱ्याचा झोत. माझा स्वतःचा हात. प्रत्येक कारणाने स्टिक अडू शकते. पण एकाही कारणाने मोजून दोन हिसके येत नाहीत. हे मला कऱ्हाडच्या आधीच कळलं होतं. तरी मी सांगलीपर्यंत कारणं शोधत राहिले.

पुढच्या रविवारी मी मामांना दोन्ही हात ग्लायडरच्या नाकावर ठेवून समोर उभं केलं आणि वीस मिनिटं स्टिक हलवली. ती लोण्यासारखी फिरली. मामा म्हणाले, “झालं का समाधान? का आजून हात वर करून उभा ऱ्हाऊ?”

मी हसले. आणि हसता हसता माझ्या मनात साधा प्रश्न आला. मी फक्त रविवारी येते. ग्लायडर तर शनिवारीही उडतं.

“मामा, शनिवारी शेपूट कोण धरतं?”

“शनवारी? अर्जुना धरतोय की.”

अर्जुना विंच चालवायचा. विंच म्हणजे जुन्या ट्रकच्या इंजिनावर बसवलेलं भलंमोठं रीळ. ते माळाच्या दुसऱ्या टोकाला असायचं, आणि त्याच्या दोरानेच ग्लायडर ओढून आभाळात चढवायचं. मी माळ तुडवत अर्जुनाकडे गेले.

“मी?” तो तंबाखू मळायचा थांबला. “ताई, ह्यो दोर सोडून मी कवा हाललोय का हितनं? एक किलोमीटर चालत जाऊन मी शेपूट धरनार आन परत पळत येनार? राजाभाऊ आत बसत्यात, मामा धरत्यात.”

मग राजवर्धन. तोच यांचा राजाभाऊ. वाळव्याचा, तिशीचा, उंच, आणि सगळ्या गोष्टी आधीच ठाऊक असल्यासारखा हसणारा.

“कृष्णात धरतो,” तो म्हणाला.

“मामा म्हणतात, तेव्हा ते पंखाखाली खिळी बसवत असतात.”

“मग अर्जुना.”

“अर्जुना नाही म्हणतो.”

“अगं, हिसके येतात ना? कुणीतरी असतोच.” तो हसला. “तुझं फिजिक्स कॉलेजात ठेव, वल्लरी. किती वर्षं उडतोय आपण.”

मी त्याला त्या दवाबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आणखी हसला असता, आणि मला हसलेलं सहन होत नाही.

४

मी माझ्या परीने उपाय काढला. सांगलीला गणपती पेठेतून दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा आरसा आणला, सोबत बारीक टॉर्च. सांधा डोळ्यांनी पाहायचा. हाताने नाही, हिसक्यांनी नाही. जे डोळ्यांनी दिसतं त्यावर कुणाचा काही इलाज चालत नाही, असं मला वाटत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी मामा सांधा बसवताना शेजारी उभी राहिले. त्यांनी हात आत घातला. खटका वाजला. हात बाहेर काढला. मी आरसा आत सरकवला.

वाटी गोळीच्या कडेला नुसती टेकलेली होती. खटका मोकळाच वाजला होता.

“मामा, हे बसलेलं नाही.”

“बसलंय. वाजलं की.”

“वाजलं, पण बसलं नाही. तुम्हाला हाताला कळलं नाही?”

मामांनी हात पुसले, बराच वेळ. मग म्हणाले, “साखर हाय मला. वरीस झालं, बोटांस्नी मुंग्या येत्यात. मग काय धरलंय त्ये उमगत न्हाई.”

मी भडकले. चोविसाव्या वर्षी माणूस ज्या तोऱ्याने भडकतो, तशी. म्हणाले, “वर्षभर तुम्ही माणसांच्या जिवाशी खेळताय! कुणालाही सांगितलं नाहीत?”

“सांगिटलं आसतं तर शेडीत कोन येऊ देतंय मला?” ते शांतपणे म्हणाले. “आन तपासनी हाय की ताई. माजं चुकलं तर त्यात घावंल, आसं म्हनत हुतो. वरीसभर दर येळी हिसकं येत्यात. एकदा बी काटी मोकळी न्हाई हालली.”

हे बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. एकदाही स्टिक मोकळी हलली नाही. वर्षभरात त्या बोटांनी एकदाही चूक केली नसेल? आणि केली असेल, तर त्या त्या वेळी स्टिक कुणी अडवली? आणि त्या वेळी ग्लायडर वर गेलं असेल, तर ते परत खाली कसं आलं?

मी सांधा नीट बसवला. मामा म्हणाले, “राजाभाऊस्नी यवढ्यात सांगू नगा. संकरांतीला मीच सांगतो आन घरी जातो. तवर तुमी आरशानं बघत चला.”

मी कबूल झाले. इतरांच्या गाफीलपणावर तावातावाने बोलणारी मी, त्या एका वाक्याला कबूल झाले. तोवर मी येईन त्याच दिवशी मामा शेपूट जोडतील, एरवी ग्लायडर बाहेर निघणार नाही, असं आमचं ठरलं.

५

पुढच्या रविवारी राजवर्धनची बहीण संयोगिता पहिल्यांदा उडणार होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि महिनाभर भावाच्या मागे लागलेली. मी शनिवारीच रहिमतपूरला मावशीकडे मुक्कामाला जायचे, पण त्या शनिवारी कॉलेजात परीक्षेचं काम निघालं. म्हणून रविवारी पहाटेची पॅसेंजर धरली. तारगावला क्रॉसिंग होतं. गाडी तिथे सव्वा तास उभी राहिली. मी प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. मी पोचेपर्यंत मामा थांबतील, हे मी शंभरदा स्वतःला सांगितलं.

माळाच्या कुंपणाशी पोचले तेव्हा ग्लायडर जोडून वाऱ्याकडे तोंड करून उभं होतं. पुढे राजवर्धन, मागे संयोगिता, काचेचं झाकण बंद. मामांनी एका हाताने पंखाचं टोक उचलून धरलं होतं आणि दुसऱ्या हातातली झेंडी वर केली होती. झेंडी वर म्हणजे विंचला इशारा : ओढ. दोर जमिनीवरून उचलला गेला होता आणि तारेसारखा ताणला होता.

मी पळत सुटले. तीनशे पावलं तरी असतील. दोन्ही हात डोक्यावर आडवेतिडवे हलवत, ओरडत. माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. पळताना माझ्या मनात एकच होतं, की आता सुटेल, आता सुटेल. सुटलं नाही. राजवर्धनची मान वळली, त्याने मला पाहिलं आणि दोर सोडायची मूठ ओढली. दोर सणकन सुटून सापासारखा वळवळत लांब गेला.

“काय झालं?” झाकण उघडून तो चिडूनच म्हणाला. “आणि तू तिकडून कशी आलीस? आत्ता मागे होतीस ना?”

“मी आत्ता येतेय. स्टेशनवरून.”

“मग शेपूट कुणी धरलं?”

मामांच्या हातातून पंखाचं टोक खाली टेकलं. “मी थांबा म्हनत हुतो,” ते म्हणाले. “मी त्या पंखाखाली हुतो. राजाभाऊ म्हनलं, आली वल्लरी, धरलंय. मला वाटलं तुमी आला. तुमी आला तर बघितलंच आसंल, आसं वाटलं.”

मी पिशवीतून आरसा आणि टॉर्च काढला. “राजवर्धन, उतरू नका. स्टिक हलवत राहा.”

मी गुडघ्यावर बसून शेपटाचं झाकण उघडलं. आरशात गोळी चकाकली. एकटीच. तिच्यापासून चार बोटं अलीकडे रॉडचं टोक होतं, कशालाही न जोडलेलं. राजवर्धनने स्टिक हलवली तसा तो रॉड पुढे गेला, मागे आला, पुढे गेला. फळी जागची हलली नाही. मामा माझ्या शेजारी वाकून बघत होते. ते तिथेच मातीत बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी डोकं धरलं.

“स्टिक मोकळी हलतेय, बघितलंत?” मी ओरडले.

“थांब, बघतोय,” पुढून राजवर्धन म्हणाला. आणि मग, “हां. आता धरलंस. सोड.”

माझ्या एका हातात आरसा होता, दुसऱ्यात टॉर्च. मामांचे हात डोक्यावर होते.

आरशात रॉड मधेच थांबला होता. तो कशावर अडला नव्हता; त्याच्या आजूबाजूला वीतभर मोकळा अंधार होता. राजवर्धन जोर लावत असणार, कारण टोक बारीक थरथरत होतं. दोन बोटांच्या चिमटीत धरलेली वस्तू थरथरते तसं.

“अगं सोड की, वल्लरी.”

ते टोक गोळीच्या दिशेने सरकलं, सावकाश, आणि मागे गेलं. पुन्हा सरकलं. त्या दोन्हींच्या मधे कुणीतरी विचार करावा एवढं अंतर होतं.

“ठीक,” सवयीने राजवर्धन म्हणाला.

मग आरशावर वाफ धरली आणि मला काही दिसेना. आरसा झाकणाच्या आत होता. माझं तोंड बाहेर होतं, आणि मी श्वास रोखून धरला होता.

६

राजवर्धन उतरला, त्याने स्वतः आत हात घातला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू गेलं ते त्या दिवसापुरतं तरी परत आलं नाही. संयोगिता पट्टे सोडून जीपमध्ये जाऊन बसली. मामांना कुणी रागावलं नाही. मीसुद्धा नाही. पण खरं सांगायचं तर मनातून मी फुशारले होते. मी वेळेवर पळाले. माझा आरसा बरोबर होता. जो कोणी मागे उभा राहून दोन माणसांना मरायला पाठवत होता, त्याच्या हातून मी ती दोघं काढून घेतली होती. पळायला मला मिनिटभर तरी लागलं असेल, आणि अर्जुनाने ते मिनिट मला दिलं होतं. झेंडी वर झाली की एरवी पाच सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतं.

तेवढ्यात अर्जुनाच मोटारसायकलवरून आला. चेहरा काळवंडलेला, चिडलेला. मी पुढे होऊन त्याचा हात धरला.

“अर्जुना, तू आज उशीर केलास म्हणून ही दोघं वाचली बघ.”

“उशीर?” तो हात सोडवून घेत म्हणाला. “झेंडी वर झाली तवाच ओढाया घेतलं म्या. पुरता जोर लावला ताई, इंजान बोंबलाया लागलं, क्लच जळाल्याचा वास सुटला, तरी तुमचं ग्लायडर जागचं हालंना. मागनं येवढं धरून ठिवायचं हुतं तर आदी सांगायचं की, मी ओढलंच नसतं!”